पीक : काही नाही

माझं अक्षर चांगलं आहे. अजूनही आहे, आणि कोणी त्याचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. शाळेत एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फलक तुम्हीच लिहा हो, काय सुंदर वळण आहे हाताला." मी तोंडावर नाही म्हटलं. बाईंना वाटलं, मला माज आलाय. वाटू दे. या अक्षराने माझ्या गावाचं काय केलं, ते त्यांना कुठे ठाऊक होतं?

गाव म्हणजे कळव्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला, साठ-सत्तर घरांचं. आज कोणाला सांगितलं तर म्हणतात, "तिथे? तिथे तर सगळी खाजणं होती ना, खारी दलदल?" हे 'खाजणं होती ना' कानावर पडलं की तळपायाची आग मस्तकात जाते. अरे बाबांनो, खाजण तुमच्या कागदावर होतं. आमच्या घरात तिथला भात शिजत होता.

एका बाजूला रूळ आणि त्यांच्या मागे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. उत्तरेला लांबवर कोलशेतची धुराडी दिसायची. डोंगराला वळसा घालून गेलं की शीळफाटा, पण तिकडे आम्ही कशाला जातोय? आमचा बाजार कळव्याला, चालत. रुळांच्या बाजूला मारुतीचं देऊळ, मग घरं, घरांमागे मिठागरं, आणि मिठागरांच्या पलीकडे, चालत वीस मिनिटांवर, आमची शेतं. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. माणसाच्या उंचीचा, पिढ्यान्‌पिढ्या हाताने थापलेला. त्याला एका ठिकाणी लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि भरतीला खाडीच्या रेट्यानेच बंद व्हायचं. एवढ्या एका दारावर सगळ्या गावाचं पोट होतं.

पावसाळ्यात भात, पावसाळा सरला की मिठागरावर काम, आणि मधल्या वेळेला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून मिळेल ती मासळी. विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून गोड्या पाण्यासाठी बाया रूळ ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी जायच्या. मीही गेलेय, डोक्यावर दोन हंडे घेऊन, मालगाडी आडवी उभी असेल तर तिच्या खालून वाकून. भात तांबूस, जाड, शहरातल्या बाया नाक मुरडतील असं. राता म्हणायचे त्याला. खाऱ्या मातीत टिकायचं ते तेवढंच. पण चिखलातल्या निवटी मासळीच्या कालवणाबरोबर एकदा खाल्लं की बारीक तांदूळ तोंडात कागदासारखा लागतो.

बांधाची जबाबदारी माझ्या आज्याकडे होती. त्याला कोणी नेमलेलं नव्हतं. त्याचा बाप बघायचा, म्हणून तो बघायचा. रोज सकाळी अनवाणी बांधावरून चालत जायचा आणि पायाला कुठे मऊ लागलं की तिथे काठी रोवून यायचा. मग त्या दिवशी ज्याला वेळ असेल त्याने तिथे चिखल टाकायचा. आणि बांध फुटलाच, तर एकच आरोळी, "खांड गेली!" ती ऐकली की बाईने चुलीवरचं टाकून धावायचं, पुरुषाने जेवणाचं ताट सोडून धावायचं. घरातलं एक माणूस तरी आलंच पाहिजे. न आलेल्याच्या घरी पुढे वर्षभर कोणी पाणी पीत नसे.

आणि आमची एक रीत होती. तिच्यावरच हे सगळं येऊन थांबतं, म्हणून नीट सांगते. शेतात पीक उभं असताना त्याच्याबद्दल बोलायचं नाही. लावणी झाली की जीभ आवरायची, ती नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य गावदेवीला दाखवेपर्यंत. कोणी विचारलं, यंदा कसं काय, तर उत्तर ठरलेलं: "काय नाय, खार हाय निस्ता." लोंब्या दाण्यांनी वाकून पाण्याला टेकल्या असल्या तरी हेच. सोयऱ्यालाही हेच, मिठागराच्या मुकादमालाही हेच. बोललं की दृष्ट लागते. गुटगुटीत पोराला बाया "मेला किती किरकिरा" म्हणतात ना, तसंच. माझी आई तर शेतावरून परतताना हसायचीसुद्धा नाही. कोणी बघितलं तर त्याला कळेल, म्हणून.

मी दहावी पास झाले त्या वर्षी भाद्रपदाच्या शेवटी गावात एक साहेब आला. कुठल्या खात्याचा ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. जीप रुळांपलीकडे ठेवून, पँट घोट्यावर दुमडून, नाकाला रुमाल लावून तो मारुतीच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्याकडे एक छापील कागद होता, गावाची सगळी माहिती भरायचा. आजा म्हणाला, "चला साहेब, बांधावरशी नेतो, सगला दावतो." साहेबाने आपल्या बुटांकडे बघितलं. मग समोरच्या चिखलाकडे बघितलं.

"नको हो. इथूनच सांगा ना."

इथून! ओट्यावरून दिसायची ती घरांची कौलं आणि मागची पाण्याने भरलेली मिठागरं. वीस मिनिटं चालायचं होतं त्याला. वीस मिनिटं चालला असता तर हिरवंगार भात छातीला लागलं असतं. पण बूट खराब झाले असते ना त्याचे!

आणि मी? मी काय कमी होते? साहेबाचं बोट जीपच्या दारात चेपलं होतं. "इथे कोणी शिकलेलं आहे का? अक्षर बरं असलेलं?" सगळ्या गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. आजा तर छाती फुगवून म्हणाला, "आमची नात धाव्वी हाय." मी त्याच सकाळी शेतातून आले होते. पायावरचा चिखल धुतला, पटकन वेणी घातली आणि साहेबासमोर मांडी घालून बसले.

घरं किती. विहिरी किती. रस्ता: नाही. शाळा: चौथीपर्यंत. दवाखाना: नाही. देवळं: दोन. जमिनीचा प्रकार: खारी. एकेक रकाना मी इतक्या मन लावून भरत होते की परीक्षेचा पेपरही तसा लिहिला नसेल.

"पीक काय घेता?" साहेबाने विचारलं.

बाया पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. आजा खाकरला आणि म्हणाला, "काय पिकाचा, साहेब? काय नाय. खार हाय निस्ता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती समंजसपणे डोलावल्या! साहेब मला म्हणाला, "लिही."

मी लिहिलं. पीक : काही नाही. वेलांट्या छान गोल काढल्या.

मला विचाराल, तुला ठाऊक नव्हतं का गं? होतं की. नखांत अजून शेताची माती होती माझ्या. पण मला वाटलं, साहेबालाही ही रीत ठाऊक असणार. सगळ्या जगात उभ्या पिकाबद्दल असंच बोलत असतील, आणि विचारणारा 'काही नाही' ऐकून मनात 'बरं पिकलंय' असं समजत असेल. सोळा वर्षांची होते आणि कळव्यापलीकडचं जग बघितलं नव्हतं. तरी पण मी स्वतःला माफ करत नाही, उगाच समजूत घालायला कोणी येऊ नये.

आज्याने अंगठा उठवला. मग साहेबाला जेवायला बसवलं. आईने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं आणि वर राता तांदळाचा भात. साहेब दोनदा भात मागून जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "तांदूळ काय गोड आहे हो! कुठला?"

"घरचाच हाय," आजा म्हणाला.

ऐकलंत? घरचाच. जेवणारा माणूस ते ऐकून ढेकर देतो, आणि त्याच्या पिशवीतल्या कागदावर लिहिलेलं आहे की इथे काही पिकत नाही. त्याला एकदाही प्रश्न पडला नाही. पोट भरलं, निघून गेला.

पुढे मी शिक्षिकेचा कोर्स केला, डोंबिवलीच्या एका शाळेत लागले, तिथेच लग्न झालं. आणि एका सुट्टीच्या दिवशी आई भाजीच्या पिशवीत एक नोटीस घेऊन दारात उभी राहिली. देवळाच्या भिंतीला चिकटवली होती, ती तिने ओल्या फडक्याने हळूच सोडवून आणलेली. "वाच बाय, काय म्हंतान ते." मी वाचलं. बांधाच्या आतली सगळी जमीन नव्या वसाहतीसाठी घेणार होते. कारण लिहिलं होतं, जमीन नापीक व पडीक असल्याने.

मी हसले. खरंच हसले आधी. म्हटलं, कोणीतरी गाढवाने चूक केलीय, जाऊन सांगितलं की झालं. ठाण्याच्या त्या कचेरीत तीन चकरा मारल्यावर एका कारकुनाने फाईल समोर टाकली. उघडली, तर वर माझं अक्षर.

मी त्या टेबलाला धरून उभी राहिले आणि कारकून विचारत होता, "काय हो मॅडम, बरं वाटत नाही का?"

गावात जाऊन सांगितलं. कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे आज्याकडे बघायला लागले, कारण सुनावणीला बांधाच्या वतीने त्यानेच बोलायचं होतं आणि सुनावणीची तारीख आश्विनात होती. भात उभं होतं. कापणीला अजून तीन आठवडे होते.

"भात घरात येव दे," आजा म्हणाला. "मंग बोलतो. सगला बोलतो."

"तोपर्यंत ते थांबणार नाहीत, आजा!"

मी तारीख पुढे ढकलायचा अर्ज केला. कारण काय लिहू? उभ्या पिकाचं नाव घेता येत नाही, असं लिहू? 'वृद्ध व्यक्तीची प्रकृती' असं काहीतरी लिहिलं. नामंजूर. कारकून म्हणाला, "म्हातारे सगळ्याच गावांत आहेत, मॅडम." मी परत गावात आले आणि त्या म्हाताऱ्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले की आई मध्ये पडली. म्हटलं, "तुझ्या दृष्टीचं कौतुक पुरे झालं! तू नाही बोललास तर नाव घ्यायला शेतच राहणार नाही. बस मग गावदेवीला नैवेद्य म्हणून दगड दाखवत!"

असं बोलले मी त्याला. त्याने मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेल्या.

तो दिवसभर बांधावर जाऊन बसला. संध्याकाळी आला आणि म्हणाला, "बोलतो."

सुनावणीला तो धुतलेला सदरा घालून आला. टेबलामागचा साहेब दुसराच होता, तरणा, फाईल न बघता चहा ढवळणारा. "बोला आजोबा."

आणि आजा बोलला. उघाडीकडच्या तुकड्यात किती होतं, मधल्या खाचरात किती, कोणत्या शेतात खारं पाणी मुरतं आणि कोणत्यात नाही, यंदा लोंबी केवढी आहे, दाणा कसा भरलाय. हाताच्या बोटावर माप दाखवून बोलला. त्याच्या तोंडून हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आमच्यातले बाकीचे पुरुष खाली माना घालून बसले होते. आजा बोलताना घामाने भिजला, तरी शेवटच्या तुकड्यापर्यंत बोलला.

साहेबाने तेव्हा कुठे फाईल उघडली. "पण आजोबा, तुम्हीच तर सांगितलंय, पीक काही नाही. हा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच हाय."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

आयुष्यात आज्याला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. मी उठले. रीत समजावून सांगितली, दृष्टीचं सांगितलं, अक्षर माझं आहे हेही सांगितलं. साहेब माझ्याकडे बघून गोड हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीही?"

"दृष्ट मानू नका," मी म्हटलं, "भात तरी बघा! आत्ता उभं आहे. गाडी काढा, अर्ध्या तासात पोचाल. डोळ्याने बघा आणि मग काय ते लिहा."

"स्थळपाहणी झालेली आहे," तो म्हणाला, आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं.

बूट खराब होतील म्हणून ओट्यावरून न हललेल्या माणसाची स्थळपाहणी! मी काय काय बोलले मला आठवत नाही. शिपायाने मला बाहेर आणलं.

वसाहतीच्या ठेकेदाराला मात्र निकालाचीही गरज वाटली नव्हती. शीळफाट्याच्या रस्त्याने त्याचे ट्रक आधीच यायला लागले होते. ते दगड-माती खाडीच्या काठावर, उघाडीच्या थेट शेजारी ओतत होते. खाडीच्या पाण्याची वाट अर्धी झाली. पाणी कुठेतरी जाणारच ना? सुनावणीनंतर आठवड्याभरात पौर्णिमेचं उधाण आलं आणि भर दुपारी आरोळी ऐकू आली, "खांड गेली!"

मी त्या दिवशी गावातच होते. सगळे धावले. मीही साडी खोचून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होते, कमरेपर्यंत पाण्यात. ज्यांच्याशी आमचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, ते शेजारी उभे राहून चिखल देत होते. पुरुष एकमेकांच्या हातात हात गुंफून त्या तोंडाशी उभे राहिले, बाया त्यांच्या पाठीमागे माती टाकत राहिल्या. दोनदा बुजवलं, दोनदा वाहून गेलं. पाण्याने आज्यालाही फेकलं, माझ्या काकाने त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं. भरती पुरी झाली तेव्हा भात दिसेनासं झालं होतं. खारं पाणी चार दिवस आत राहिलं आणि दाणा जिथल्या तिथे काळा पडला.

आणि पाचव्या दिवशी ते आले, पाहणी करायला. इतक्या वर्षांत एकदाही शेतावर पाऊल न ठेवलेलं खातं आलं, गमबूट घालून, कॅमेरा घेऊन. पाण्याचे फोटो काढले, कुजलेल्या काडाचे फोटो काढले आणि फाईलला लावले. पीक काही नाही, याचा पुरावा म्हणून. मी त्या फोटोवाल्याच्या अंगावर चिखल फेकला. नेम लागला, तेवढंच एक काम त्या वर्षी माझ्याकडून बरं झालं.

जमीन गेली. बांधावर रोलर फिरला.

निकालाचा कागद आला त्या दिवशी आजा ओटीवर बसला होता. मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, "आजा, मला शिव्या दे. कागद मी लिहिलाय."

"तू काय केलास बाय? आमी सांगितला ते लिव्हलास," तो म्हणाला. "वाईट मी केला. उभ्या पिकाचा नाव घेतला मी. भर कचेरीत, बोटावर माप दावून. आठ दिस नाय झालं तं खांड गेली. तू पन बघितलास ना डोल्यांनी?"

"अरे, त्यांच्या भरावाने फुटला बांध! ट्रक दिसले नाहीत तुला? मी तुला बोलायला लावलं. माझं ऐकून बोललास तू!"

"तू पोर हायस. तुला काय ठावं? मला ठावं व्हता."

मी ओरडले, रडले, जमिनीवर हात आपटले. आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, माझी समजूत घालत होता. म्हणे, गावाला मी सांगून ठेवलंय, पोरीला कोणी काही बोलायचं नाही.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. रोज सकाळी, बांधावर जायच्या वेळेला, गावदेवीच्या देवळात जायचा आणि उंबऱ्यावर नाक घासून म्हणायचा, "चुकलो आये, बोललो." मी जितक्या वेळा गेले तितक्या वेळा त्याच्याशी भांडले. त्याला ट्रक मोजून दाखवले, नकाशा काढून दाखवला, चांगल्या अक्षरात लिहून वाचून दाखवलं. काही उपयोग झाला नाही. बूट जपणारा तो साहेब, चहा ढवळणारा हा साहेब, तो ठेकेदार, तो फोटोवाला, सगळे आपापल्या घरी सुखात जेवत असतील. या सगळ्या प्रकरणात माफी मागितली ती एकट्या माझ्या आज्याने.